आईचं म्हणणं

भवानीनगरला आमच्या कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचं भजन असायचं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथं जाऊ लागले. माझा आवाज काही भजनाचा नव्हे. पण नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, गाळप सुरू झालं की त्याचा पत्ता नसायचा, आणि मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात बसून भिंतीशी किती बोलणार?

एका गुरुवारी आमच्या कॉलनीच्या मागच्या वस्तीतली एक बाई आपल्या लेकीला घेऊन भजनाला आली. तिचा नवरा कारखान्यात फिटर होता, तो वारल्याला बरीच वर्षं झाली होती. लेक पस्तिशीच्या आसपासची, अंगानं थोराड, डोळे मात्र सारखे भिरभिरणारे. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही आलं नव्हतं. तिला शाळेत कधी घातलंच नव्हतं. वस्तीत तिला सगळे 'मुकी' म्हणायचे, आणि तेही तिच्या तोंडावर, कारण तिला कुठं ऐकू येतंय!

ती ढोलकीजवळ बसली. बसली कसली, सरकत सरकत तिथं गेली आणि ढोलकीच्या लाकडावर तिनं तळवा टेकवला. भजन रंगात आलं तसा तिच्या तोंडून एक मोठा, खरखरीत आवाज निघाला. तिला तो ऐकू येत नव्हता, आम्हाला येत होता. दोघीतिघी फिसकन हसल्या. टाळ थांबले. एक वयस्क बाई तिच्या आईला म्हणाली, "पुढच्या येळंला तिला घरी ठिवून या बरं का. देवाचं काम हाय."

आई शांतपणे म्हणाली, "घरी ठिवायचं म्हंजी बाहेरनं कुलूप लावायचं. लई वर्सं तेच केलंया. आता न्हाय करायचं."

मग मागून एक आवाज आला, "आमच्याकडं बी हाय एक." बोलणारी माझ्या ओळखीची होती, तोंडानं फटकळ, टपरीवर चहा विकणारी. तिचा दीर चाळिशीचा होता आणि बुद्धीनं लहान मूल. ती रोज टपरीवर जाताना त्याला घरात कोंडून जायची, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं सांगितल्यावर तिसरीनं सांगितलं. तिच्या नातवाच्या पायात बळ नव्हतं, त्याची आई त्याला उचलून उचलून कमरेतनं गेली होती.

त्या दिवशी पुढचं भजन झालंच नाही. आम्ही आरतीपर्यंत बोलत बसलो.

आमचं काम सुरू झालं ते असं. त्याला संस्था म्हणायला मला अजून अवघडल्यासारखं होतं. अंगणवाडी नव्या इमारतीत गेल्यामुळे जुनी पत्र्याची खोली रिकामी पडली होती, ती ग्रामपंचायतीनं वापरायला दिली. सकाळची घरातली कामं उरकली की जेवणवेळेपर्यंत ती उघडी ठेवायची. आळीपाळीनं दोघीदोघींनी तिथं थांबायचं. ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी त्याला आणून सोडायचं आणि आपापल्या कामाला जायचं. एवढंच. बारामतीहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी अधूनमधून येऊन पायांचे व्यायाम दाखवून जाई. बाकी आम्ही वाती वळायचो, शेंगा फोडायचो, गाणी म्हणायचो. टपरीवालीच्या दिराला पोत्यांच्या घड्या घालायला आवडायचं. एकच पोतं तो पुन्हा पुन्हा उलगडून घडी घालायचा, आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे बघून हसायचा.

मी शिक्षिका. त्यामुळे त्या मुक्या लेकीला अक्षरं शिकवायची असं मी मनाशी ठरवलं होतं. तिनं पाटीवर ती रांगोळीसारखी सुबक काढलीही, पण एकाही अक्षराचा तिच्या लेखी काही अर्थ नव्हता. 'आ' म्हणजे आवाज, आणि आवाज म्हणजे काय हे तिला मी कसं सांगणार होते? मी कंटाळून पाटी बाजूला ठेवली तेव्हा तिची आई म्हणाली, "बाई, तिला बोलता येतंय की. माझ्याशी दिसभर बोलतीया. तुमीच जरा शिका."

मग आम्ही शिकलो. मायलेकींनी एवढ्या वर्षांत आपल्या खुणा आपणच बनवल्या होत्या. नथीच्या जागी बोट टेकवलं की आई. मुठीनं मोटारसायकलचं हँडल पिळलं की धाकटा भाऊ. हात वर नेऊन बोटं फिरवली की कारखान्याचा धूर, म्हणजे कारखाना, आणि तीच खूण जरा हळू केली की वडील. गालाखाली तळवा ठेवला की झोप, म्हणून उद्या. मला त्यांनी दोन्ही डोळ्यांभोवती बोटांची कडी करून 'चष्मा' हे नाव दिलं. टपरीवालीला कप न देता कंबरेवर हात आणि ताणलेली मान दिली, ती भांडखोर म्हणून. तिला ते कळल्यावर ती भांडलीच.

एकदा हे सुरू झाल्यावर कळलं की ही लेक किती बोलते. कुणाची सून गरोदर आहे, कुणाच्या घरी भांडण झालं, कुठल्या ट्रॅक्टरनं उसाची ट्रॉली कडेला उलटवली, सगळं तिला ठाऊक. ती लोकांची तोंडं बघत नसे, खांदे बघत असे. मी कधी घरून वैतागून आले की दारातच ती खूण करायची: चष्मा, कपाळाला आठी, का?

दोनेक वर्षं हे असं चाललं. मग एका सकाळी, खोली उघडायच्या आधीच, ती धावत माझ्या घरी आली. पायात चप्पल नव्हती. नथीच्या जागी बोट, मग हाताचा तळवा धाडकन खाली, आणि मग तिनं स्वतःचं तोंड एका बाजूला वाकडं करून दाखवलं. मला लगेच कळलं. शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही आईला बारामतीच्या दवाखान्यात नेलं.

आई वाचली. पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीभ हलायची, तोंडून घोगरा सूर निघायचा, शब्द मात्र होत नव्हता.

मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला होता. बायको आणि लहान मुलासह तिथंच दोन खोल्यांत राहायचा. मनानं चांगला. दवाखान्यात त्यानं एक दिवसही आईला एकटं सोडलं नव्हतं. आईला घरी आणल्यावर त्यानं आम्हा दोघीतिघींना बोलावून घेतलं. तो उंबऱ्याशी बसून बोलत होता, नजर खाली. "बाई, दोघींचं एकदम मला न्हाय जमायचं. जागा बी न्हाय. आईला मी नेतो. ताईसाठी पुण्याकडं एक आश्रम हाय म्हणं, अशा बायकांना ठेवून घेत्यात. मी चौकशी केलीया."

टपरीवाली म्हणाली, "आधी आईला इचार की. ती जित्ती हाय अजून."

त्यानं विचारलं, "आई, माझ्याकडं येतीस ना?" आईनं मान हलवली, हो. टपरीवालीनं विचारलं, "काकू, का हितंच ऱ्हायचं?" आईनं पुन्हा मान हलवली, हो. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्या आजारानंतर तिचं तसंच झालं होतं. काहीही विचारा, मान हलायची, डोळे भरायचे. त्यात होकार कुठला आणि नुसतं रडू कुठलं, आम्हाला काही समजेना.

लेक इतका वेळ चुलीपाशी उभी राहून आमचे चेहरे बघत होती. ती पुढं आली, आईच्या खाटेवर बसली, आईची हनुवटी धरून तिचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि हातांनी विचारू लागली. आईचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. थरथरत होता, पण त्यात खुणा होत्या. ज्या खुणांना दोन हात लागतात त्या ती एकाच हातानं अर्ध्या करायची आणि उरलेला अर्धा भाग लेकीचा हात धरून पुरा करायची. इतके दिवस आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. हाताकडे बघायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही.

बराच वेळ दोघींचं चाललं होतं. मग लेक आमच्याकडे वळली आणि एकेक खूण सावकाश करून दाखवू लागली. मला जेवढं कळत होतं तेवढं मी मोठ्यानं सांगत गेले.

"आई. भाऊ. जायचं."

मुलानं सुस्कारा सोडला.

"उचलणं. पुसणं. भरवणं." मग तिनं आपलीच पाठ वाकवली, केसांवर बोटं फिरवली आणि स्वतःकडे हात केला. मला क्षणभर ते लागलं नाही, मग लागलं. "माझं करता करता तू म्हातारी होशील." त्यानंतर तिनं टाळी वाजवल्यासारखं केलं. आमच्या खोलीची ती खूण होती, कारण तिथं सारख्या टाळ्या वाजतात. "तू. इथं. खोलीत."

मुलगा तिच्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "बाई, हे खरंच आई म्हणतीया, का ताई सोताचं सांगतीया? आईचं करायला नको म्हणून?"

प्रश्न कडू होता, पण खोटा नव्हता. माझ्याही मनात तोच आला होता. दुसऱ्याच्या तोंडचं म्हणून आपण जे सांगतो त्यात आपलं किती असतं, हे कुणी कसं मोजायचं? पण मी उत्तर द्यायच्या आत लेक पुन्हा आईकडे वळली होती. तिनं आईचा डावा हात धरून खाटेवर दाबला आणि दुसऱ्या हातानं जोरजोरात नकार केला. आईनं हात सोडवून घेतला. लेकीनं पुन्हा दाबला. तिच्या तोंडून तो खरखरीत आवाज येत होता. आईच्या तोंडूनही घोगरा सूर निघत होता. दोघी भांडत होत्या. अगदी कुठल्याही घरातल्या मायलेकींसारख्या भांडत होत्या, फक्त शब्द नव्हते.

तेव्हा मला कळलं की तिनं सांगितलं ते आईचंच होतं. तिला स्वतःला ते मुळीच मान्य नव्हतं. मान्य नसलेलं, आईपासून तोडणारं ते सगळं म्हणणं तिनं आधी आम्हाला नीट सांगितलं होतं, खूणभरही न बदलता, आणि मग ती भांडायला बसली होती. मी माझ्या शंकेबद्दल कुणाला काही बोलले नाही. मुलानं मात्र स्वतःहून उठून बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

तरी त्याच्या समाधानासाठी मीही आईला माझ्या मोडक्यातोडक्या खुणांनी विचारलं. आईनं तेच सांगितलं. आश्रमाचं मी कसं विचारणार? खूणच नव्हती. मी 'लांब' केलं, 'कुलूप' केलं. आईनं डावा हात इतक्या जोरात झटकला की तिच्या उशालगतचं पाण्याचं भांडं उलटलं.

टपरीवालीनं ते भांडं उचलून सरळ केलं आणि म्हणाली, "बास झालं. आश्रमाचं नाव काढू नगा आता. सांजच्याला माझ्याकडं झोपल ती. भांडणं व्हतील आमची, व्हऊ द्या."

आई बारामतीला गेली. लेक मागं राहिली. ती खोलीत यायची, पण वाती वळायची नाही, भिंतीला टेकून बसायची. आम्ही काही सांगू लागलो की डोळे मिटून घ्यायची. तिनं डोळे मिटले की तिच्याशी बोलणंच संपायचं. आपण कुणाशी न बोलण्यासाठी काय काय करतो, तिला पापण्या पुरत होत्या.

मग एके दिवशी ती आलीच नाही. घरी नाही, टपरीवर नाही. टपरीवाली एरवी सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं बोलते, त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द निघेना. आम्ही कालव्याच्या कडेनं चालत गेलो. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. आम्ही दोघीही पाण्याकडेच बघत होतो आणि दोघीही त्याबद्दल बोलत नव्हतो. एका पुलाशी पोचलो तेव्हा माझा फोन वाजला. तिच्या भावाचा होता.

"बाई, ताई हितं आलीया."

"कुणासोबत?"

"एकटीच. एसटीनं."

तिला पाटी वाचता येत नव्हती. जन्मात ती एकटी गावाबाहेर गेली नव्हती. पुढं तिनंच मला सगळं सांगितलं. स्टँडवर थांबून तिनं बारामतीची एसटी ओळखली, कारण दवाखान्यात आईला भेटायला आम्ही एसटीनं जायचो तेव्हा तिच्या पुढच्या काचेवरचं चित्र, म्हणजे आपण ज्याला 'बारामती' वाचतो ते, तिनं डोक्यात ठेवलं होतं. कंडक्टरनं काही विचारलं तेव्हा तिनं नथीच्या जागी बोट ठेवलं आणि मान एका बाजूला टाकली. कंडक्टरला काय समजलं देव जाणे, पण त्यानं तिला खिडकीजवळ बसवलं. पुढची भावाच्या घरची वाट तिला दवाखान्याच्या दिवसांतच पाठ झाली होती.

भावाच्या घरी त्या वेळी वेगळाच ताप चालला होता. आई काही दिवसांपासून उशी ओढायची, डोकं आपटायची, भरवलेलं थुंकायची. सून बिचारी रडकुंडीला आली होती. तिला वाटायचं, सासूला आपल्या हातचं चालत नाही. नणंदेनं आल्याबरोबर आईशी बोलून घेतलं, मग सुनेचा हात धरून तिला खाटेपाशी नेलं, आणि दोघींनी मिळून खाट फिरवली. आईचं तोंड भिंतीकडे होतं. तिला दार दिसायला हवं होतं, येणारं जाणारं माणूस दिसायला हवं होतं. एवढंच.

त्यानंतर ती दर आठवड्याला बारामतीला जाऊ लागली. जाताना आमच्या खोलीतून काहीतरी न्यायची, वळलेल्या वाती नाहीतर फोडलेल्या शेंगांचे दाणे. सून तिच्याकडून खुणा शिकली. भाच्याला तर त्या आठवड्याभरात आल्या, आणि शाळेत वर्ग चालू असताना मित्राशी गप्पा मारायला त्याचा उपयोग होतो म्हणून त्यानं मित्रालाही शिकवल्या. भाऊ सगळ्यात मागं राहिला. शिफ्ट करून आलेला माणूस, हात जड. पण आईची 'पाणी' आणि 'कूस बदल' या दोन खुणा त्याला झोपेतही कळायच्या, असं त्याची बायको सांगायची.

आई पुढच्या गाळप हंगामापर्यंत जगली. ती गेली तेव्हा लेक आमच्याकडेच होती. भावानं मला फोन केला आणि म्हणाला, "बाई, ताईला तुमीच सांगा." मी खोलीत गेले. मी हात उचलायच्या आधीच तिनं माझे खांदे पाहिले होते.

आम्ही पोचलो. घरात माणसं जमली होती. ती आईच्या पायाशी बसली, मग उठून वहिनीकडे गेली आणि तिला विचारलं, आई शेवटी काय म्हणाली? वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बरं, मनाला धीर देणारं सांगता आलं असतं, आणि ते कुणाला कळलंही नसतं. पण वहिनीनं खरं सांगितलं. कपाची खूण केली, मग बोटं झटकली: चहा गार. सकाळी चहा पाजताना सासूनं तक्रार केली होती, बस्स, तेच शेवटचं.

लेक हसली. मोठ्यानं, तोच खरखरीत आवाज, आणि डोळ्यांतून पाणी. आलेली माणसं दचकून बघू लागली. वहिनीनं तिला पोटाशी धरलं. आईला जन्मभर कुठलाच चहा गरम लागला नव्हता, हे त्या दोघींइतकं कुणाला माहीत असणार?

याला आता काही काळ झाला. खोली चालू आहे. टपरीवालीचा दीर गेल्या पावसाळ्यात निमोनियानं गेला, तरी ती येते. कळंबहून एक तरुण आई आपल्या लहान मुलीला घेऊन यायची. मुलीला ऐकू येत नाही. तिच्यासाठी म्हणून कर्णबधिर शाळेतल्या एक शिक्षिका आमच्याकडे येऊ लागल्या आणि त्यांनी खऱ्या सांकेतिक भाषेचे धडे दिले. मुलीबरोबर आमची लेकही शिकली. पस्तिशी उलटलेल्या बाईनं पहिल्यांदाच दुसऱ्या बहिऱ्या माणसाशी बोलणं, हे मी जवळून पाहिलं आहे. ती खूण शिकायची आणि मग आपली जुनी खूण करून दोन्हींची तुलना करायची. काही नव्या खुणा तिनं सरळ नाकारल्या. आईबरोबर तिनं केलेली बोली आता येते ती तिला, वहिनीला, भाच्याला आणि थोडीफार आम्हाला. मला कधी कधी वाटतं, आपण ती कुठं तरी टिपून ठेवायला हवी होती. पण कागदावर हात कसा काढायचा, आणि त्यातला राग कसा काढायचा?

या जूनमध्ये ती लहान मुलगी त्या शाळेत दाखल झाली, तिथल्या वसतिगृहात राहते. तिला सोडायला मुलीच्या आईबरोबर मी आणि ही आमची लेक, दोघी गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत सगळी मुलं अंगणात आली आणि शंभर हात एकदम बोलायला लागले. ही बघतच राहिली. शिक्षिकाबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना विचारता का, वसतिगृहात मदतीला राहतील? मुलींना मोठं माणूस हवंय, आणि यांनाही सोबत होईल."

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं. मला खात्री होती, ती हो म्हणेल. तिच्या भाषेची एवढी माणसं तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटली होती. तिनं बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. इंदापूरकडे जाणारे ट्रक समोरून येत होते. मग ती माझ्याकडे वळली, दोन्ही हातांची बोटं डोळ्यांसमोर भराभरा नाचवली, वैतागून मान झटकली आणि नकार दिला.

तिथं फार गोंगाट आहे, म्हणाली.